कोमट समुद्रावरची इंजिने

खारघर, बेलापूर, नेरूळ हा पट्टा जहाजावर नोकरी करणाऱ्यांचा आहे. जहाजांवर माणसे पाठवणाऱ्या कंपन्यांची कार्यालये बेलापुरात, करावे गावाजवळ १९९३ पासून ‘चाणक्य’ ही प्रशिक्षण संस्था, खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर. त्यामुळे चार-सहा महिने गायब असलेला सेकंड इंजिनिअर इथल्या सोसायट्यांमध्ये कुणाला नवलाचा वाटत नाही. पण तो तिथे नेमके काय सांभाळतो, हे शेजाऱ्याला विचाराल तर उत्तर ठरलेले असते: इंजिन. आणि एवढे मोठे इंजिन थंड कसे राहते? समुद्राच्या पाण्याने, दुसरे काय! भोवती एवढे पाणी आहे, पंप लावला की झाले. हा समज एके काळी अभियंत्यांचाही होता, आणि त्यांना तो फार महाग पडला.

जहाजाच्या इंजिनाला थंड ठेवण्याचा इतिहास म्हणजे समुद्राला इंजिनापासून एकेक पाऊल दूर ढकलत नेण्याचा इतिहास. मुंबई बंदरातून पाहिले तर तो जवळजवळ दोनशे वर्षांचा भरतो.

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. ४११ टनांची ही बोट मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली. इंजिने मात्र इंग्लंडहून आणलेली. तांबड्या समुद्राच्या वाटेने टपाल लवकर नेता येते हे तिने दाखवले, म्हणून तिचे नाव राहिले. त्या काळच्या समुद्री आगबोटींच्या पोटात काय चाले ते फारसे कुणी सांगत नाही. काम करून झालेल्या वाफेवर समुद्राच्या पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचे पाणी करायचे, आणि ते खारट मिश्रण पुन्हा बॉयलरला पाजायचे. पाणी उडून जाई, मीठ मागे राही. दर काही तासांनी दाट झालेला खार समुद्रात सोडावा लागे. त्याबरोबर कोळसा जाळून मिळवलेली उष्णताही जाई. तरीही बॉयलरच्या आत थर चढतच. बंदर आले की माणसे आत शिरून ते खरवडून काढत.

१८३४ मध्ये सॅम्युअल हॉल या इंग्रजाने नळ्यांच्या कंडेन्सरचे पेटंट घेतले. वाफ नळीच्या एका अंगाला, समुद्र दुसऱ्या अंगाला, दोघांची गाठ पडू द्यायची नाही. कल्पना साधी होती, तरी ती जहाजांवर रुळायला तीसेक वर्षे गेली. बॉयलरमध्ये आता गोडे पाणीच फिरू लागले आणि वाफेचा दाब वाढवता येऊ लागला. पुढच्या शतकात डिझेल इंजिनाने हीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालली, जणू वाफवाल्यांनी काही शिकून ठेवलेच नव्हते.

हॉलच्या कंडेन्सरच्याच काळात मुंबईत घडलेली एक गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती. १८४१ मध्ये अर्देशीर कर्सेटजी वाडिया हे लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले, आणि त्याच वर्षी मुंबईतल्या कंपनी सरकारच्या आगबोट कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाताखाली युरोपीय माणसे, वर मुंबईचा पारशी. वाफेचे यंत्र तेव्हा जगात सगळीकडेच नवे होते आणि मुंबई त्यात फार मागे नव्हती. अंतर पडले ते नंतर.

रूडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये आउग्सबुर्गला पहिले प्रायोगिक इंजिन उभे केले तेव्हा त्याला पाण्याचे जॅकेटच ठेवले नव्हते. त्याचे गणित असे होते की ज्वलन नीट आवरले तर सिलिंडर थंड करण्याची गरजच पडणार नाही, आणि वाया जाणारी उष्णता कामाला येईल. लोखंडाने ते मान्य केले नाही. पुढच्या इंजिनाला पाण्याचे वेष्टण आले, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत प्रा. मोरित्स श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत इंधनातल्या ऊर्जेचा २६.२ टक्के भाग कामात उतरला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हा आकडा गाठता येत नव्हता. थंड न करता चालणाऱ्या इंजिनाचे स्वप्न मात्र मेले नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेत लष्कराच्या पैशाने सिरॅमिकचे भाग लावून ते पुन्हा पाहिले गेले. सिलिंडरच्या भिंतीतून वाचवलेली उष्णता बहुतांशी धुराड्यातून निघून गेली, हाताला फारसे काही लागले नाही.

१९१२ मध्ये कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वाइन कारखान्यातून ‘सेलांडिया’ बाहेर पडली आणि बँकॉकला जाऊन आली. खुल्या महासागरावर डिझेलने लांबचा पल्ला मारणारे हे पहिले मोठे जहाज. त्यावर प्रत्येकी आठ सिलिंडरची दोन इंजिने होती आणि ठळक धुराडे नव्हते, त्यामुळे बंदरातले लोक गोंधळत. आगवाल्यांची आणि कोळसा ओढणाऱ्यांची फौजही नव्हती, आणि जहाजमालकांना भावले ते हेच. लंडनमध्ये चर्चिलने जाऊन ते जहाज पाहिले.

डिझेलने एक प्रश्न मात्र नव्याने उभा केला. वाफेच्या जहाजात आग बॉयलरखाली असते आणि इंजिनापर्यंत फक्त वाफ पोहोचते. डिझेलमध्ये आग सिलिंडरच्या आतच लागते, दर फेऱ्याला. आतला वायू दीड हजार अंशांच्या वर जातो. ज्या भिंतीला तो टेकतो ती ओतीव लोखंडाची, आणि त्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर साधारण दोनशे अंशांच्या पुढे टिकत नाही. तो थर गेला की पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीला, म्हणजे लायनरला, घासतात, आणि पुढची गोष्ट काही मिनिटांची असते.

आजच्या मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनाचा जमाखर्च साधारण असा लागतो. इंधनातल्या ऊर्जेपैकी निम्मी पंख्याच्या दांड्याला मिळते. पाव हिस्सा धुरातून जातो. उरलेल्या पावातला मोठा वाटा, सोळा-सतरा टक्के, हवेच्या कूलरमध्ये उतरतो. सिलिंडरच्या जॅकेटमधून पाचेक टक्के आणि वंगणाच्या तेलातून तीनेक टक्के. बाहेरच्या माणसाला वाटते की सगळा प्रश्न सिलिंडर थंड करण्याचा असेल. प्रत्यक्षात पाण्याला सर्वांत जास्त उष्णता हवा देते. टर्बोचार्जर हवा दाबतो, दाबलेली हवा दोनशे अंशांपर्यंत तापते आणि ती गार केल्याशिवाय सिलिंडरमध्ये पुरेशी मावत नाही. २००६ च्या ‘एम्मा मर्स्क’ या जहाजावर चौदा सिलिंडरचे, ८०,०८० किलोवॉटचे इंजिन बसवले गेले. वरच्या टक्क्यांनी हिशेब मांडला तर पूर्ण भारावर त्यातून चाळीसेक मेगावॉट उष्णता पाण्यात जाते. समुद्राचे पाणी पंधरा अंशांनी तापवून सोडायचे म्हटले तरी तासाला दोन हजार टनांहून अधिक पाणी जहाजाच्या पोटातून फिरवावे लागते.

सुरुवातीच्या पिढ्यांनी हे पाणी सरळ सिलिंडरभोवती फिरवले. खारे पाणी पन्नास अंशांच्या आसपास पोहोचले की त्यातले क्षार भिंतीवर बसू लागतात, म्हणून त्यापेक्षा जास्त तापू द्यायचे नाही असा दंडक होता. म्हणजे आत आग, बाहेर कोमट खारे पाणी, आणि मधे एवढ्या फरकाने ताणलेली लोखंडाची भिंत. तडे जात. जिथे क्षाराचा थर चढे तिथे उष्णता अडून भिंत आणखी तापे. गंज तर रोजचाच. समुद्र फुकट होता, त्याची किंमत लायनर आणि सिलिंडर-हेडच्या बिलात चुकती व्हायची.

महाराष्ट्राला डिझेल इंजिनाची ओळख समुद्रावर झालीच नाही, ती विहिरीवर झाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस आणि द्राक्षे या इंजिनांच्या टुकटुकीवर वाढली. त्यांना थंड ठेवण्याचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. उपसलेल्या पाण्यातलेच थोडे जॅकेटमधून फिरवून पाटात सोडून द्यायचे, नाहीतर शेजारी एक पिंप ठेवायचे. पाणी गोडे, गार आणि रोज नवे. आमच्या कारखानदारीला इंजिन कळले ते असे, आणि त्या शहाणपणात खारटपणाला जागा नव्हती. हा कुणाचा दोष नाही. गिऱ्हाईक शेतकरी होता, खलाशी नव्हता. पण मराठी मुलखाचा समुद्रकिनारा आणि मराठी मुलखाची इंजिनविद्या एकमेकांकडे पाठ करून वाढली, हे खरे.

दर्यावरच्या इंजिनाला विहीर मिळत नाही, म्हणून शेवटी त्याने आपली विहीर बरोबर घेतली. जॅकेटमध्ये गोडे पाणी भरायचे, तेच तेच फिरवायचे, ते कूलरमध्ये नेऊन समुद्राच्या पाण्याशी नळीच्या भिंतीआडून गाठ घालायची आणि परत आणायचे. त्यात गंज रोखणारे रसायन घालता येते. पूर्वी क्रोमेट घालत. ते विषारी, म्हणून आता नायट्राइट-बोरेट जातीची द्रव्ये. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर ठेवता येते, त्यामुळे भिंतीवरचा ताण उतरतो. कनिष्ठ इंजिनिअर या पाण्याचा नमुना नेमाने तपासतो. नायट्राइट किती, आम्ल किती आणि मुख्य म्हणजे क्लोराइड किती. क्लोराइड चढू लागले म्हणजे कुठल्या तरी कूलरला भोक पडले आहे आणि समुद्र आत झिरपतो आहे. इंजिन पुढे महिनोन्महिने सुरळीत चालल्यासारखे दिसते, पण ही नमुन्याची बाटली आधीच सांगते.

पिस्टनचे प्रकरण जास्त अवघड. तो मिनिटाला शंभरेक वेळा खाली-वर होतो आणि त्याच्याही पोटात थंड द्रव खेळवावा लागतो. विंटरथुरचे सुल्झरवाले बराच काळ पाणी वापरत, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांतून. पाणी उष्णता छान ओढते, पण त्या नळ्यांच्या सांध्यांतून गळते, खाली वंगणाच्या तेलात मिसळते आणि बेअरिंग खाते. कोपनहेगनवाले तेलच वापरत. उष्णता थोडी कमी ओढली गेली तरी चालेल, गळाले तर तेल तेलातच पडेल. १९८० च्या दशकात सुल्झरच्या नव्या इंजिनांनीही तेलाची वाट धरली. कागदावर पाणी सरस होते. रात्री दोन वाजता क्रँककेस उघडून बसणाऱ्याच्या लेखी तेल सरस होते, आणि त्याचेच खरे ठरले.

गोड्या पाण्याची योजना आली तरी समुद्र अजून जहाजभर फिरत होता. जॅकेटचा कूलर वेगळा, तेलाचा वेगळा, हवेचा वेगळा, आणि प्रत्येकापर्यंत खाऱ्या पाण्याची पाइपलाइन. जुन्या जहाजांवरच्या फोर्थ इंजिनिअरचे निम्मे आयुष्य गळक्या पाइपांना पट्ट्या बांधण्यात गेले. मध्यवर्ती कूलरने ते संपवले. समुद्राचे पाणी एकाच ठिकाणी आत येते, टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांच्या थप्पीतून जाते आणि लगेच बाहेर पडते. तिथे गार झालेले, साधारण ३६ अंशांचे गोडे पाणी मग तेलाला, हवेला आणि जॅकेटच्या गरम चक्राला भेटत जाते. पत्र्यांचा हा कूलर मुळात जहाजासाठी नव्हताच. रिचर्ड सेलिगमन याने तो १९२३ मध्ये इंग्लंडात दूध पाश्चराइझ करण्यासाठी काढला. आज असे कूलर पुण्याजवळ दापोडीला अल्फा लावलच्या कारखान्यात बनतात. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीलाही १९८५ पासून हीच रचना आहे: आत जड पाण्याचे चक्र, मधे साध्या पाण्याचे, आणि सगळ्यात शेवटी समुद्र. म्हणजे समुद्राला तीन दारांबाहेर उभे करण्याची विद्या या खाडीकाठाला अपरिचित नाही.

एवढे होईपर्यंत उष्णतेकडे पाहण्याची नजरही बदलली होती. जॅकेटमधून ऐंशीच्या वर तापून निघालेले पाणी सरळ गार करायचे कशाला? त्याला आधी फ्रेश वॉटर जनरेटरमधून फिरवतात. तिथे हवा काढून जवळजवळ निर्वात केलेल्या भांड्यात समुद्राचे पाणी चाळीस-पन्नास अंशांवरच उकळते, आणि त्या वाफेपासून दिवसाला वीस-तीस टन गोडे पाणी मिळते. खलाशी अंघोळ करतात, चहा पितात तो इंजिनाच्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर. किनारा जवळ आला की मात्र हे यंत्र बंद करायचे. काठच्या पाण्यात काय काय मिसळलेले असते ते आपण जाणतोच, आणि पन्नास अंशांवर उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतीलच असे नाही.

इंजिन जास्त थंड झाले तरी ते मरते, हा धडा सगळ्यात उशिरा आला. २००८ च्या मंदीनंतर इंधन वाचवण्यासाठी जहाजे हळू चालवली जाऊ लागली. भार कमी, ज्वलन कमी, पण जॅकेटचे पाणी तेवढेच. लायनरची भिंत इतकी गार पडू लागली की गंधकयुक्त इंधनाच्या धुरातले आम्ल तिच्यावर दवासारखे जमू लागले. लायनर अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर झिजले. मग इंजिन बनवणाऱ्यांनी उलटी पावले टाकली. जॅकेटचे तापमान चढवले, कमी भारावर लायनरभोवतीचे पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर ठेवण्याच्या योजना काढल्या, सिलिंडरच्या तेलात अल्कली वाढवली. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली आणि पुन्हा सगळी गणिते हलली. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन बंद असते तेव्हाही त्याचे जॅकेट हीटर लावून कोमट ठेवतात. गार लोखंडाला एकदम आग लावायची नसते.

इथवरचा इतिहास उत्तर युरोपातल्या आणि पुढे जपान-कोरियातल्या कारखान्यांचा आहे. मुंबई बंदर त्यात येते ते परीक्षक म्हणून, आणि परीक्षा कडक असते.

एक तर गाळ. ठाण्याच्या आणि पनवेलच्या खाड्या वर्षभर माती ओतत असतात, उधाणाची भरती-ओहोटी पाच मीटरच्या घरात, आणि जहाजाचा तळ खाडीच्या तळापासून फार वर नसतो. म्हणून चॅनेलमध्ये शिरण्याआधी इंजिनरूममध्ये समुद्राचे पाणी ओढणारे खालचे तोंड बंद करून कुशीतले वरचे तोंड उघडतात. तरीही पाणी गाळणारे स्ट्रेनर भरतात. गाळ, जेलीफिश, शिंपल्यांची पिल्ले आणि आता सर्वांत जास्त प्लास्टिकच्या पिशव्या. स्ट्रेनर उघडणारा माणूस कुठल्या शहराजवळ आलो हे पिशवीवरच्या दुकानाच्या नावावरून ओळखू शकेल.

मग पावसाळा. जुलैत खारघरच्या डोंगरावरून पांडवकडा धो धो कोसळत असतो तेव्हा बाहेर समुद्रावरची हवाही पाण्याने भरलेली असते. ती हवा टर्बोचार्जर ओढतो, कूलर तिला गार करतो, आणि तिच्यातले पाणी तिथेच सुटे होते. मोठ्या इंजिनात ते दिवसाला टनांनी जमते. ते अडवणाऱ्या पाकळ्या तुंबल्या किंवा निचऱ्याची नळी बुजली तर तेच पाणी हवेबरोबर सिलिंडरमध्ये उतरते आणि लायनरवरचे तेल धुऊन काढते. बाल्टिकमध्ये क्वचित लक्ष द्यावे लागणारी ही नळी अरबी समुद्रात दर पाळीला तपासायची वस्तू आहे.

आणि समुद्राची ऊब. जहाजांच्या वर्गीकरण संस्थांच्या नियमात इंजिनाची क्षमता मोजण्यासाठी उष्ण कटिबंधाचा समुद्र ३२ अंशांचा धरला आहे, हवा ४५ अंशांची. मुंबईबाहेरचा समुद्र मे महिन्यात तिशीच्या आसपास पोहोचतो. ऑगस्टमधले इराणचे आखात ३२ ओलांडून जाते, आणि आमच्या इंजिनिअरांची अर्धी नोकरी तिथे ये-जा करण्यात जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये दाखवले की पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ या काळात उन्हाळ्यात १.२ अंशांपर्यंत तापला, उष्ण कटिबंधातल्या इतर समुद्रांपेक्षा वेगाने. हवेला गार करणारे पाणी दहा अंशांनी चढले की इंधनाचा खप अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त वाढतो. दिवसाला शंभर टन जाळणाऱ्या जहाजाला हा अर्धा टन. ते परवडते. न परवडणारी गोष्ट वेगळी आहे: धुराचे तापमान मर्यादेला टेकते आणि चीफ इंजिनिअरला फेरे कमी करावे लागतात.

हे केवळ व्यापारी जहाजांपुरते नाही. ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिका जगातल्या अत्याधुनिक नौकांत गणल्या जात. त्यांच्या गॅस टर्बाइनला जोडलेला, हवा गार करणारा भाग आखाताच्या गरम पाण्यात मान टाकू लागला. टर्बाइनची शक्ती घटे आणि त्यापाठोपाठ जहाजातली वीजच जाई. २०१६ मध्ये हे प्रकरण ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे आले. शेवटी जहाजे कापून त्यांत मोठी डिझेल जनरेटर बसवण्याचे काम काढावे लागले. टर्बाइन डिझेल नव्हे, हे मान्य. पण चूक तीच: थंड समुद्राकाठी बसून गरम समुद्राचा अंदाज बांधला गेला.

आता आमच्याकडे वळू. शिकवणाऱ्या संस्थांची इथे वाण नाही. लोणावळ्याची ‘शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी शाळा १९४५ पासून आहे, मुंबईचे नॉटिकल अँड इंजिनिअरिंग कॉलेज १९४८ पासून. शिवडीच्या ‘हे बंदर’ रस्त्यावरच्या संस्थेतून मरीन इंजिनिअरांच्या पिढ्या निघाल्या, आणि २००८ पासून नौदलाची शाळा वगळता या सरकारी संस्था भारतीय सागरी विद्यापीठाखाली आहेत. या सगळ्या जाळ्यातून घडतो तो इंजिन सांभाळणारा माणूस, आणि तो उत्तम घडतो. जगातली जहाजे त्याच्यावर विसंबून आहेत. पण मोठ्या दोन-स्ट्रोक इंजिनांचे आराखडे आजही मुख्यतः कोपनहेगन आणि विंटरथुर इथून येतात, ओतकाम कोरिया-चीन-जपानमध्ये होते, आणि आमचा सेकंड इंजिनिअर त्यांच्या पुस्तिकेप्रमाणे व्हॉल्व्ह फिरवतो. त्याला माहीत असलेली कितीतरी माहिती पुस्तिकेत नसते. कोणत्या महिन्यात कुठल्या चॅनेलमध्ये स्ट्रेनर किती तासांत भरतो, आखातात किती फेऱ्यांवर धुराचे तापमान आवरते, पावसाळ्यात हवा मुद्दाम थोडी गरम ठेवलेली बरी की नाही. कंपनीची जहाजे बदलताना ही माहिती त्याच्याबरोबर घरी येते आणि निवृत्तीनंतर सेक्टरमधल्या बागेतल्या बाकावर संपते. आमच्या मते हे नुकसान आहे, आणि ते भरून काढण्याची वेळ नेमकी आत्ता आली आहे.

कारण २ एप्रिल २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला सहा मेगावॉटचे, मध्यम गतीचे सागरी डिझेल इंजिन देशात आरेखित करून विकसित करण्याची मंजुरी दिली. खर्च २७० कोटी, त्यातला ७० टक्के सरकारचा. निम्म्याहून अधिक भाग देशी असायचे. किर्लोस्करांनी याआधी फ्रेंच पील्स्टिक कंपनीच्या परवान्याने नौदलासाठी इंजिने केली आहेत. ‘कामोर्ता’ वर्गाच्या युद्धनौका त्या इंजिनांवर चालतात. परवान्याचे इंजिन म्हणजे मापे दुसऱ्याची. या वेळी मापे आपण घ्यायची आहेत. विहिरीवर वाढलेल्या घराण्याने समुद्राचे इंजिन करायला ऐंशी वर्षे घेतली असे कुणी म्हणेल; आम्ही म्हणू, निदान आता हाती घेतले.

आमची मागणी मोठी नाही. जगाने ३२ अंश धरले म्हणून आपण तिथेच थांबू नये. चाचणीच्या ओट्यावर कूलरला ३६ अंशांचे पाणी द्यावे, हवेत जुलैचा दमटपणा मिसळावा, कूलरच्या पत्र्यांतून उरणच्या खाडीचा गाळ काही शे तास फिरवावा, आणि मग पूर्ण शक्ती मोजावी. मोजमापांचे आकडे गुप्त ठेवायचे तेवढे ठेवून बाकीचे ‘हे बंदर’, करावे आणि लोणावळा इथल्या वर्गांत पोहोचवावेत. उलट दिशेची सोयही करता येईल. प्रत्येक जहाजाच्या इंजिनरूमच्या लॉगमध्ये दर पाळीला समुद्राच्या पाण्याचे तापमान, कूलरच्या दोन्ही तोंडांचे तापमान आणि हवेचे तापमान लिहिले जाते. भारतीय झेंड्याच्या जहाजांच्या या नोंदी जहाज भंगारात गेले की रद्दीत जातात. त्या विद्यापीठाच्या नवी मुंबईतल्या आवारात गोळा करायला एक खोली, दोन कारकून आणि नौवहन महासंचालनालयाचे एक परिपत्रक पुरेल. इंजिन आरेखित करणाऱ्या पुण्याच्या अभियंत्याला अरबी समुद्राचा वीस वर्षांचा, पाळीपाळीचा हिशेब मिळेल. त्या नोंदींवरची शाईची बोटे कशी वाचायची हे सांगायला खारघरमध्ये निवृत्त चीफ इंजिनिअर मिळतील.